दादा, आवाज येत नाय

रघू, तू गेल्याला सतरा दिवस झाले आणि आपल्या पेजवर अजून तुझ्यासाठी एक ओळ नाही. मुरबाड-शहापूर पट्ट्यातला कुठलाही जुना कबड्डीपटू गेला की तासाभरात आपली पोस्ट पडायची. फोटो तू मिळवायचास, मजकूर मी लिहायचे. तुझ्या वेळी मी फोटो शोधायला बसले तर सापडेचना. खेळाडूंचे, पंचांचे, ढाल घेऊन उभ्या राहिलेल्या संघांचे फोटो पुष्कळ. तू कुठे पाठमोरा, कुठे नुसतं कोपर. एका फोटोत तर फक्त तुझी सावली आहे, फोन धरलेली. शेवटी यमुनानं तुमच्या लग्नातला फोटो कापून चौकटीत लावला. त्यात तू इतका कोवळा दिसतोस की भेटायला येणारे क्षणभर थबकत होते.

लोक म्हणतात, ताई, चार ओळी तरी लिहा. बसते, लिहिते, पुसते. 'क्रीडा पत्रकार' असं लिहिलं की तू हसशील असं वाटतं. तू स्वतःला कधी तसं म्हणवून घेतलं नाहीस. काय करता असं कुणी विचारलं की म्हणायचास, "मॅच दाखवतो." तर पेजवरचं राहू दे सध्या. हे मी तुलाच लिहितेय.

आपली ओळख भांडणातून झाली. मुरबाडच्या कॉलेजच्या मैदानावर मी मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचे आणि तू गुणलेखकाच्या टेबलाशी बसायचास, कारण मुलांच्या संघात जाण्याइतकं तुझं वजनच भरत नव्हतं. एका सामन्यात शेवटच्या पकडीवर आम्ही जिंकलो. सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि तू वही मिटून माझ्याजवळ आलास. म्हणालास, "तो गुण तुझा नव्हता. पाय रेषेबाहेर होता. पंचानं नाय बघितला, मी बघितला." मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मीच आले. कारण पाय खरंच बाहेर होता, आणि ते मला एकटीला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

मग मी लग्न होऊन आटगावला आले आणि माझा खेळ सुटला. तू धसईजवळच्या तुमच्या वाडीवरून ठाण्याच्या एका दैनिकाला बातम्या द्यायला लागलास. रविवारचा सामना बुधवारी छापून यायचा, दोन ओळींत, त्यातही कर्णधाराचं नाव चुकलेलं. पुढे त्या दैनिकानं ग्रामीण पानच बंद केलं. तुला कुणी कळवलंही नाही. तू महिनाभर बातम्या पाठवत राहिलास.

आणि मग एका दुपारी तुझा फोन. "पुष्पे, घरी हायस का गो? हात मोकळा हाय?"

"कणीक मळतेय. काय झालं?"

"हात धू. मी सांगतो, तू टाईप कर."

तू मैदानावर उभा राहून एकेक चढाई सांगत होतास आणि मी आटगावच्या स्वयंपाकघरात बसून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहीत होते. सात-चार. सात-पाच. बोनस. लोण. लोक पुढचा आकडा मागायला लागले. आपल्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं की शहरात पत्रकार हेच करतात, मोठाली ऑफिसं करून. आपलं ऑफिस म्हणजे तुझा एक कान आणि माझी ओट्याशेजारची स्टुलाची जागा. एकदा माझा कुकर वाजला तर तू ओरडलास, "अगो तो कुकर बंद कर, पंचाची शिट्टी कुठली तेच कळत नाय!"

पुढे चांगला फोन आला, तिपाई आली, आपलं पेज आलं. तू बोलायचास, मी पडद्याखाली गुणांची पट्टी बदलायचे, कॉमेंटना उत्तरं द्यायचे, मध्ये शिव्या लिहिणाऱ्यांना बाहेर काढायचे. रेंजसाठी तू काय काय केलंस! देवळाच्या गच्चीवर चढलास, पाण्याच्या टाकीवर चढलास, एकदा अख्खी फायनल ट्रॅक्टरच्या टपावरून दाखवलीस. आणि तुझं ते बोलणं. मी किती वेळा सांगितलं असेल, "रघू, नातीगोती सांगत बसू नको, स्कोअर सांग." पण तू चढाईला आलेल्या प्रत्येकाची ओळख करून द्यायचास. हा अमक्याचा धाकटा, ह्याची म्हैस परवा व्याली, ह्याचा गुडघा मागल्या वर्षी गेला होता, आज पट्टी नाय बांधलेली, म्हणजे घरी सांगून आलेला नाय. तुझं उत्तर एकच, "आकडा तू लिवतेसच की खाली. माणूस कोण सांगणार?"

आपले बघणारे कोण होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मला वाटायचं गावातलेच, घरी बसून बघतात. पण दिवाळी झाली की वाड्यांवरची निम्मी घरं कुलपं लावून वीटभट्ट्यांवर जातात. त्यांची पोरं इकडे राहून खेळतात आणि आईबाप तिकडे एका फोनभोवती बसून बघतात. तुला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण तुझे आईबाप असेच जायचे. तू मला सांगितलं नाहीस. मी कधी विचारलंही नाही.

म्हणून बाळूच्या वेळेला आपलं वाजलं. तीन वर्षं झाली त्याला. बाळू पकडीतून सुटताना मानेवर पडला आणि उठला नाही. त्याच क्षणी तू लाइव्ह बंद केलंस. मी फोन लावला.

"बंद का केलंस?"

"हात हलवतोय तो, लोक पाणी देतायत. पण त्याची आय बघतेय भट्टीवर."

"म्हणूनच चालू ठेव ना! तिला दिसू दे. पोरगा हात हलवतोय, लोक पाणी देतायत, दिसू दे."

"आन् नसता हलवला तर?"

"तरी काय झालंय ते तिला कळायला पाहिजे. आपण मध्येच पडदा पाडला तर लोक मनाला येईल ते पसरवतील."

"पुष्पे, तू डोळ्यानं बघत नायस. मी बघतोय."

आणि झालंही मी म्हटलं तसंच. अर्ध्या तासात बाळू गेला अशी बातमी भिवंडीपर्यंत पोचली. त्याची आई मिळेल त्या टेम्पोत बसून आली, फाट्यापासून अनवाणी पळत आली. बाळू दवाखान्याच्या बाकावर गळ्याला पट्टा लावून चहात बिस्किट बुडवत होता. तिनं आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग तिथंच खाली बसली. मी तुला म्हटलं, बघितलंस? तू म्हणालास, त्या बाईनं लाइव्हमध्ये त्याची मान वाकडी झालेली बघितली असती तर ती तिथंच कोसळली असती, टेम्पोत बसलीच नसती. त्यानंतर कितीदा तरी आपण ह्यावर भांडलो. प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी बरोबर आहे आणि फोन ठेवला की वाटायचं, नाही, तो बरोबर आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तुझा आवाज जरा ओढलेला होता.

"छातीत जळजळतंय गो सकाळपासून."

"काल काय खाल्लंस?"

"हळदीला गेलतो. मटणाचा रस्सा जरा जास्त झाला."

"मग जळजळणारच. सोडा पी एक, आणि सावलीत बस."

"सावलीत बसून मॅच दिसते काय?"

एवढंच. मी हसले. दवाखान्यात जा असं म्हटलं नाही. माझ्या मनातही आलं नाही रघू, देवाशपथ आलं नाही. मी तुला सोडा पी म्हटलं आणि मेथी निवडत राहिले. हे मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, कुणीही तेच म्हटलं असतं. यमुनाला सांगायची हिंमत झाली नाही.

दुपारी सामना सुरू झाला. ऊन कडक होतं, पडद्यावर माती पांढरी दिसत होती. तू नेहमीसारखा बोलत होतास. मध्ये मध्ये थांबत होतास, पण तू पाणी प्यायला थांबतोस तसं मला वाटलं. दुसऱ्या डावात सामना रंगात आला. किसन चढाईला आला. तू म्हणालास, "किसन सकाळी दूध घालून आलाय, अजून पायाला शेण हाय त्याच्या. तिसरी चढाई, आता गुण आणला नाय तर बाद. एकवीस-एकोणीस. लिव गो पुष्पे."

मी लिहिलं. एकवीस-एकोणीस.

किसन मध्यरेषा ओलांडून गेला, त्यानं एकाला हात लावला, परत आला. तू काही बोलला नाहीस, म्हणून माझी पट्टी तशीच राहिली, एकवीस-एकोणीस. लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता, तुझा आवाज नव्हता. मला वाटलं तुझ्या शर्टाच्या माइकची वायर निघाली. कॉमेंट यायला लागल्या. आवाज येत नाय. दादा, आवाज येत नाय. दादा माइक बघा. पुष्पाताई, आवाज.

आणि मी काय केलं ते ऐक. पेजच्या नावानं मी सगळ्यात वर लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे आवाज बंद आहे. लवकरच सुरू होईल.'

अजून एक चढाई झाली. मग समोरच्या संघातला एक पोरगा खेळता खेळता कॅमेऱ्याकडे वळला आणि तसाच उभा राहिला. मग दुसरा. पंचांनी शिट्टी वाजवली. सगळे कॅमेऱ्याच्या दिशेनं यायला लागले, चालत, मग पळत. माझ्या पडद्यावर त्यांचे चेहरे मोठे मोठे होत गेले आणि एकही चेहरा माझ्याकडे बघत नव्हता. सगळे खाली बघत होते, कॅमेऱ्याच्या पायाशी. तेव्हा मला कळलं की तू तिथं पडलायस.

तुझा फोन मी लावू शकत नव्हते. लाइव्हमध्ये व्यत्यय नको म्हणून तू कॉल बंद करून ठेवायचास, ते मीच तुला शिकवलं होतं. मी स्पर्धेचं पोस्टर उघडलं, खाली संयोजकांचे तीन नंबर होते, तिन्ही लावले. तिन्ही वाजत होते. एक तर मला लाइव्हमधूनच ऐकू येत होता, कुणाच्या तरी खिशात वाजणारा, आणि तो माणूस ओरडत होता, "पाणी आणा, गाडी आणा." मी आटगावच्या ओट्याशी उभी राहून "छातीवर दाबा, छातीवर दाबा" म्हणत होते. कुणाला? मी कॉमेंटमध्येही तेच लिहिलं. तिथं फोन बघायला कुणाला वेळ होता?

लाइव्ह बंद करायचं बटण माझ्याकडेही होतं, रघू. एक बोट टेकवलं की झालं असतं. यमुना बघत असणार हे मला ठाऊक होतं. ती प्रत्येक सामना बघायची. तुझी अवस्था सगळ्या जगाला दिसतेय, बंद कर, असं तूच मला म्हटलं असतंस. पण ते बंद केलं असतं तर माझ्याकडे तुझं काहीच उरलं नसतं. पत्रकारिता, लोकांचा हक्क, अफवा, मी तुझ्याशी भांडताना जे जे बोलायचे त्यातलं एकही कारण तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त तू दिसायला हवा होतास, आणि दिसत तर तूही नव्हतास. नुसती माणसांची डोकी. मग तिपाईला कुणाचा तरी धक्का लागला आणि पडद्यावर मंडपाचं निळं कापड आलं. त्या कापडाकडे मी किती वेळ बघत होते सांगता येत नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला, आणि मग मी बंद केलं.

हे मला मोटरसायकलवर घेऊन निघाले. शहापूर, किन्हवली, मुरबाड. वाटेत किन्हवलीला ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि माझ्या पदराचं टोक चाकात जातंय ते नीट खोचून दिलं. मी विचारलं नाही. मुरबाडला पोचायच्या आतच तू गेला होतास. डॉक्टरांना नुसतं बघायचंच राहिलं होतं.

वाडीवर आले तेव्हा यमुना दारात बसली होती. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. मी तिच्या पायाशी बसले. मला वाटलं ती विचारेल, चालू का ठेवलंस. मी ते ऐकायची तयारी करून आले होते. ती म्हणाली, "ताई, तुमी बंद का केलंत?"

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"लोक पळत होते, कुणी पाणी म्हणत होतं, गाडीचा आवाज झाला. मी म्हटलं नेतायत, म्हणजे हाय अजून. मग एकदम काळं झालं. तवाच मला कळलं, गेला."

मी म्हटलं, "वहिनी, तेव्हा मलाही काही ठाऊक नव्हतं. मी उगाच बंद केलं."

"मग चालू ठेवायचं ना," ती म्हणाली. रागानं नाही. मला जरा पाणी द्या म्हणावं तसं म्हणाली.

रघू, ह्याचं काय करू मी? बाळूच्या आईच्या वेळी तू बंद केलंस तेही चुकलं, आणि मी आधी चालू ठेवलं, नंतर बंद केलं, तेही. आपल्या दोघांतलं कोण बरोबर होतं ते ठरवायला आता दुसरं कुणी नाही. तू असतास तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आणखी एक सुरू झालं. कुणीतरी ती शेवटची काही मिनिटं आपल्या फोनवर उतरवून घेतली होती. त्याखाली रडकं संगीत लावलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मैदानावरच घेतला अखेरचा श्वास', आणि फिरवलं. ज्या मोठ्या पेजांनी वर्षानुवर्षं तुझ्या क्लिप तुझं नाव पुसून वापरल्या, त्यांनी ही मात्र नावासकट वापरली. मी एकेकाला फोन केले, हात जोडले. एकजण म्हणाला, "ताई, श्रद्धांजली म्हणूनच टाकलंय." एकानं काढलं, संध्याकाळी दोघांनी नव्यानं टाकलं. मी तक्रार करते, ते उतरतं, दुसरीकडे चढतं. परवा आमच्या शेजारणीनं मला तेच दाखवलं, बघा ना, किती वाईट झालं. तिला तू कोण, मी कोण, ठाऊक नव्हतं. मी बघितलं आणि म्हटलं, हो, फार वाईट झालं.

आपल्या पेजवरचा मूळ व्हिडिओ मी काढायला घेतला होता. यमुनानं नको म्हटलं. "त्यात आवाज हाय त्यांचा. धाकटी लावायला सांगते." तुझी धाकटी पोर किसनच्या चढाईपर्यंत ऐकते आणि थांबवते, असं ती म्हणाली. कुठं थांबवायचं ते तिला बरोबर समजलंय. माझी ती 'तांत्रिक अडचण' अजून तिथंच आहे, सगळ्यात वर. ती पुसायला मी दोनदा बोट नेलं आणि मागे घेतलं. खोटं असलं तरी तू पडलायस हे कळायच्या आधी मी शेवटचं लिहिलेलं तेवढंच आहे.

तू गेलास म्हणून कबड्डी थांबलेली नाही. एका मंडळाचा फोन आला, आमच्या स्पर्धेचं लाइव्ह करणार का विचारायला. मी सरळ नाही म्हटलं. मग वाटलं, प्रयत्न करून बघावा. घरातच भिंतीकडे फोन लावला आणि बोलायला लागले. "चढाईला अमका." पुढे काय? हा कुणाचा, ह्याच्या घरी काय, ह्यानं आज पट्टी का बांधली नाही, मला काही ठाऊक नाही. इतकी वर्षं मी फक्त आकडे लिहिले. फोन ठेवून दिला.

आणि काल दुपारी एक अनोळखी फोन आला. पेजवर माझाच नंबर आहे ना. माणूस म्हणाला, "ताई, मी वापीवरनं बोलतोय, कंपनीत कामाला हाय. गाव आमचं मुरबाडकडं. त्या दिवशी मी मॅच बघत होतो, आवाज गेला आन् तेवढ्यात माझा फोनच बंद पडला. आज दुरुस्त करून आणला. पयला फोन तुमालाच. मग जिंकलं कोण?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सतरा दिवसांत मला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याच्यासाठी तू अजून होतास. मी तोंड उघडलं. आपण किती मृत्यू कळवले रघू, मला शब्द पाठ आहेत. एकही आला नाही.

"सामना थांबला," मी म्हटलं. "एकवीस-एकोणीसवर."

"का वो? पाऊस नाय, काय नाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भांडणं झाली असतील," तोच म्हणाला. "असू दे. दादांना सांगा, परत ठेवतील तवा लावा म्हणावं. आमी चौघं जण हाव इथं ह्या एका फोनवर, वाट बघतो. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हटलं.

तर रघू, वापीहून निरोप आहे. चौघंजण आहेत. वाट बघतायत.